कशातही, कितीही वेळा

४ मार्च, सोमवार
नवी खोली, नवी नोकरी, आणि पहिल्याच दिवशी फुकटची करमणूक. खोलीत पूर्वेची खिडकी, आरशाचं कपाट आणि एक टेबल. ऑफिस खालच्याच मजल्यावर, सेवा विकायच्या एका साइटचं. घरबसल्या लोगो, अनुवाद, आवाज विकणारे लोक आमच्याकडे येऊन रडतात, की साइटवर आमच्या सेवेकडे कुत्रं फिरकत नाही. फिरकेल कसं? एकाने लिहिलं होतं, 'मी मेहनती व प्रामाणिक आहे.' धंद्याला उभा आहे की लग्नाला? मी शीर्षक बदललं, वर त्याच्या कामाचा नमुना टाकला. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं.

शेजारच्या टेबलावरचा फोटोवाला सारखा हसतो. बावळट.

५ मार्च, मंगळवार
इथे नव्या माणसाने आधी स्वतःची सेवा साइटवर लावायची. ऑफिसच्या मालकीणबाईंचा नियम. मी लावली: 'तुमच्या सेवेला गिऱ्हाईक मिळवून देतो.' खाली रकाना असतो, 'कशात बदल करून मिळेल?' बाकीचे भित्रे 'मजकुरात, दोनदा' लिहून मोकळे होतात. मी लिहिलं, 'कशातही, कितीही वेळा. तुमचं समाधान होईपर्यंत.' फोटोवाला हसतहसतच म्हणाला, पहिली मागणी येण्याआधी ते खोड, नंतर खोडता येत नाही. त्यानेही म्हणे तसंच लिहिलं होतं. मी त्याला म्हटलं, स्वतःचं टेबल सांभाळ.

ताईचा फोन. तुझ्या तुसडेपणाने ही नोकरी तरी घालवू नकोस म्हणाली. १७ तारखेला, रविवारी येते आहे. मला सहन करणारी जगात ती एकटीच.

७ मार्च, गुरुवार
चाळीस मागण्या! 'कितीही' म्हटलं की या फुकट्यांना लाळ सुटते. एका दीडशहाण्याला माझ्या फोटोतली हनुवटीवरची खूण खटकली. विश्वास वाटत नाही म्हणे. लहानपणी ताईने झोपाळ्यावरून ढकललं होतं, तेव्हाची ती. फोटोतून पुसून दिली.

८ मार्च, शुक्रवार
दाढी करताना वस्तरा हनुवटीवरून सरळ गेला. आरशात नीट पाहिलं. बोटाने चाचपलं. खूण नाही.

११ मार्च, सोमवार
'आवाज मऊ हवा.' मी उत्तर दिलं नाही. साइटनेच पाठवलं: 'बदल मान्य.' सकाळी इस्त्रीवाल्याने शर्ट जाळला. शिवी द्यायला तोंड उघडलं आणि निघालं, काही हरकत नाही, सर.

फोटोवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, त्याच्याकडे कोणीतरी 'चेहरा कायम हसरा हवा' मागितलं होतं; आई गेली त्या दिवशीही तो असाच हसत होता. भावाने त्याला स्मशानातून हाकलून दिलं. त्याला मी बावळट म्हटलं होतं.

१३ मार्च, बुधवार
मालकीणबाई म्हणाल्या, समाधान होईपर्यंत, हे तुम्हीच लिहिलंय. आज नाक बदललं. काल डोळे. कपाटाच्या आरशात कोणी गुळगुळीत, नम्र माणूस उभा आहे. त्याची किळस येते. किळस तरी अजून माझी आहे.

१६ मार्च, शनिवार
'सेवा देणाऱ्याला घरचं कोणी नसावं. पूर्ण वेळ मोकळा हवा.'
नाही म्हणून लिहिलं. दहा वेळा. पाठवलं की 'मान्य' होतं. ताईला फोन लावावा तर नंबरच — फोनमध्ये नाही. पाठ होता. आता —

१७ मार्च, रविवार
ताई आली. दारात, पिशवी घेऊन. मला विचारलं, इथे माझा भाऊ राहतो ना?
ताई, मीच — असं म्हणायचं होतं. निघालं, ते इथून गेले, मॅडम, आणखी काही मदत करू का?
पत्ता ठेवलाय का विचारलं. मी हसलो. तिने आभार मानले. तुम्ही फार चांगले आहात म्हणाली, तो असता तर आल्याआल्या खेकसला असता.
जिन्यात बसून रडते आहे. इथवर ऐकू येतंय. पाय उचलत नाही —

नवी मागणी. 'रोजनिशीचा सूर कडवट आहे. बदलून द्या.'
नाही. हरामखोरांनो, एवढी एकच वस्तू माझी —
आदरणीय ग्राहक, आपल्या सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार. जिन्यातला आवाज लवकरच थांबेल. आपलं पूर्ण समाधान होईपर्यंत मी