केलेलं नाही, सांगणार नाही

नाना, तुमच्या नावाचं पुस्तक आज मी कपाटात उलटं करून ठेवलंय. त्याच्याकडे बघितलं की किळस येते. पुस्तकाची येते, आणि त्याहून जास्त माझी.

नव्वदच्या आसपासचं देवासचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. रविवारी सकाळी कारखान्यातली चार-पाच माणसं सतरंजीवर बसलेली, आई पोहे परततेय आणि तुम्ही, शाळेतले संस्कृतचे मास्तर, हठयोगाच्या जुन्या पोथीतला एकेक श्लोक उलगडून सांगताय. तुमचा नियम एकच. जी क्रिया स्वतः केली नाही, तिचा अर्थ सांगायचा नाही. तसल्या श्लोकाखाली वहीत लाल पेन्सिलीनं लिहायचात, 'केलेलं नाही, सांगणार नाही.' एकदा ते वेल्डरकाका कंटाळून म्हणाले, "सर, शब्दों का मतलब तो आपको आता है, अंदाज से बता दो." तुम्ही केवढे भडकलात! "अंदाज पोह्यांत मीठ घालताना चालतो, भिया. इथे तुमचा गळा आहे." मी फिस्सकन हसले, तर मलाही बोललात.

तुम्ही गेल्यावर सात-आठ वर्षांनी धारला माझ्या सासरी एक योगकेंद्रवाले आले. कलप लावलेले केस, बोटांत तीन अंगठ्या, बोलणं नुसतं तुपातलं. "बहनजी, बाबूजी की कॉपी छापते हैं. बस ये लाल-लाल हटा दो, लोग सोचेंगे पंडितजी को आता नहीं था." शी! आणि मी काय केलं? तुमचं नाव छापलेलं बघायची मला हाव सुटली होती. लाल ओळी सगळ्या गाळल्या. कापडाची लांब पट्टी गिळून पोट साफ करायची ती क्रिया आहे ना, तिच्याखालच्या लाल ओळीच्या जागी शब्दकोश उघडून घरच्या घरी करायची सोपी पद्धत हिंदीत लिहून दिली. वर मुखपृष्ठावर 'स्वानुभव से' हेही छापू दिलं. संस्कृत तुम्ही शिकवलंत, अक्कल मी गहाण टाकली.

धामनोदच्या एका शिक्षिकेनं ते वाचून पट्टी गिळली. ती अर्ध्यात अडकली, बाईंनी घाबरून ओढली आणि तोंडातून रक्त आलं. मी दवाखान्यात गेले तर योगकेंद्रवाले दारातच सांगत होते, "इनका मन ही चंचल था." त्याच दमात मला दुसऱ्या आवृत्तीचं विचारलं. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. कसली माणसं ही! दुसरी आवृत्ती निघणार नाही, असं मी तिथेच चारचौघांत ओरडून सांगितलं.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुमच्या वहीतच घालून ठेवणार आहे. ओरडले तिथपर्यंतच लिहून थांबणार होते. पण मग मी आत गेले होते, नाना. बाईंना धड बोलता येत नव्हतं. माझा हात धरून घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाबूजी तो खुद करते थे ना? मुझसे ही कुछ गलत हुआ होगा."

मी म्हटलं, "हां, रोज करते थे."