छकुलीच्या जिभेखालचा पडदा

सोलापूर, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

आज डॉक्टरीणबाईंनी छकुलीची जीभ उचलून दाखवली. खालचा पडदा पार टोकापर्यंत चिकटलेला. जीभ पुढे येणार कशी? म्हणून ती अंगावर प्यायला लागली की लगेच सुटायची आणि रडायची. घरात मात्र दोष माझ्या दुधाला! बाईंनी कात्रीने पडदा जरासा कापला. रक्ताचा थेंब आला, छकुली किंचाळली, झालं.

गेले दोन महिने सासूबाईच तिला मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने गाईचं दूध पाजतात. मी नुसती बघत बसते. आधी पदर भिजायचा. आता तोही भिजत नाही.

संध्याकाळी तिला अंगावर घेतलं. तिने घट्ट धरलं, सुटली नाही. पण दूध कुठं होतं? थोडं ओढून रडायला लागली. सासूबाई वाटी घेऊन आल्या.

"लई दिवस झालं की गं. येईल व्हय आता?"

"बाई म्हणाल्या, ओढत राहिली तर येईल."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "मग दुसऱ्या बाजूला घे की."

घेतलं. दूध येईल का, कोण जाणे. ती ओढत होती आणि मला उठावंसंच वाटत नव्हतं.