पत्त्यांच्या खोलीचा ठराव

४ मार्च, मंगळवार

आमच्या वहिनी नगराध्यक्षा झाल्या! हा शब्द मला शाळेत कधी शिकवला नव्हता, विचारून लिहिला. त्या खुर्चीत आजवर बाई बसलेलीच नव्हती. जुने अध्यक्ष लढाईवर गेले, उरलेल्यांचं आपसात जमेना. शेवटी आमचे मालक म्हणाले, "बसवा हिला. सह्या तर करायच्यात."

मालक म्हणजे आमच्या शिवणदुकानाचे. सभेतलं बहुमतही त्यांचंच. शिंप्यांच्या वॉर्डातून मला त्यांनीच निवडून आणलं. हात माझा, मत त्यांचं.

१२ मार्च, बुधवार

वहिनींनी भलतंच काढलं. सभासदांच्या पत्ते खेळायच्या खोलीत पाळणाघर करायचं म्हणे — काडतुसांच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी.

"मग आम्ही काय पाळण्यात बसून पत्ते कुटायचे?" मालक म्हणाले. हशा. एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

घरी वहिनींनी नेहमीसारखंच वाढलं. "भाऊजी, हात दुखत होता का?"

मी आमटी मागितली. लढाईवर गेलेल्या दादाने, त्यांच्या नवऱ्याने, पत्रातून विचारलं तर काय सांगू?

१४ मार्च

मालकांची सूनही त्याच कारखान्यात. नातू दिवसभर आमच्या कापायच्या टेबलाखाली, खाकी चिंध्यांवर. आज त्याने टाचण्यांची डबी उपडी केली. मालकांनी कण्हत कण्हत एकेक टाचणी स्वतः वेचली. मी म्हटलं, "पाळणाघर झालं असतं तर—"

"गप मशीन चालव."

चालवली. नोकरी गेली तर?

१९ मार्च, बुधवार

सभा चालू असतानाच हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. सरावाचाच, दर बुधवारी दुपारी होतो. सगळे तळघरात. तिथे रॉकेलची पिंपं, म्हणून दिव्याला बंदी. स्वतःचं नाक दिसेना.

अंधारातून वहिनींचा आवाज — "सभा चालूच आहे. पाळणाघराचा ठराव पुन्हा मांडते. हात काही दिसायचे नाहीत. ज्यांना मान्य आहे त्यांनी भिंतीवर ठोका."

आधी मी ठोकलं. हळूच, मग जोरात. दगड खडबडीत, बोटं सोलली, तरी थांबलो नाही. पलीकडून कुणी ठोकलं, शेजारून कुणी, मग भिंतच दणाणली.

"विरोधात?"

कुणीतरी खोकलं फक्त.

वर उजेडात आल्यावर जो तो, "मी नाही बुवा ठोकलं." मालक सगळ्यांत मोठ्याने.

"मग उंदरांनी ठोकलं असेल," वहिनी म्हणाल्या आणि ठरावावर सही केली. सह्या करायलाच तर बसवलंय त्यांना.

उद्या मालकांनी हात पाहिला तर?

२० मार्च

मालकांच्या उजव्या हाताची बोटं सोललेली. "दारात सापडली," म्हणाले आणि कात्री माझ्यापुढे केली. मी डाव्या हाताने घेतली. त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"तुझीही दारातच?"

"हो, मालक."

"हल्ली दारं फार वाईट निघतात."