हॉबलरावांची परात

प्रिय दादा,

मरायचंच होतं, तर ओढ्याकाठची ती बाभळ आधी तोडून घ्यायचीस! तुला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी द्यायला मी. कर्त्यानं जोडे घालायचे नाहीत, म्हणून अनवाणीही मीच. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो आणि टाचेत काटा मोडला. पाटोद्याच्या तहसिलीत साऱ्या तालुक्याची गाऱ्हाणी उर्दूत लिहून देणारा मी अर्जनवीस, पण माझ्या टाचेचा अर्ज घ्यायला कुणी नाही! काल तुझ्या तेराव्याला पंगतीतून फिरत होतो, तर मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हॉ... बल."

पंगत खाली मान घालून हसली. म्हणून लिहायला बसलोय.

नगरच्या इंग्रजी शाळेत मला तूच घातलंस. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन, डावा पाय ओढत, निजामाची हद्द संपेपर्यंत चालत आलास. आणि मी सुट्टीत परतलो तो तुझ्यासाठी काय घेऊन? एक शब्द. हॉबल. लंगडत चालणं. त्याचे दोन तुकडे तुझ्या चालीत काय चपखल बसत! 'हॉ'ला धड पाय टेके, 'बल'ला दुसरा फरफटत येई. वेशीपासून घरापर्यंत मी तुझ्यामागून तेच म्हणत आलो. आठ दिवसांत गाव म्हणायला लागलं.

तू विचारलंस, "दत्त्या, मतलब काय बे ह्याचा?"

"लई मोठा माणूस. साहेबलोकांत असतो."

"आसं?" म्हणालास आणि गालातल्या गालात हसलास. मला वाटलं, फुगलास. किती मजा आली होती, सांगू?

लोक तोंडावर हॉबलराव म्हणत, तू ओ देत असस. मग एका वर्षी देवळाला द्यायला पितळेची परात आणलीस. भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव कोरायचं, ही आपली रीत. कासारापुढं मला बसवून म्हणालास, "ल्ही. हॉबलराव. चुकू नको." मी लिहून दिलं. हसू दाबून दाबून माझा जबडा दुखला. छिन्नीचे ठोके पडत होते आणि तू अक्षरांकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होतास. का, ते कळलं नाही.

काल कळलं. तुझ्या तेराव्याची कणीक देवळातून आणलेल्या त्याच परातीत मळली. पंगती उठल्यावर वहिनी ती घासत होती. मी म्हणालो, "वहिनी, हे नाव ठोकून काढू. दादाला अर्थ ठाऊक नव्हता."

राखेचा हात थांबला. "कावून नसंल, भावजी? गुरांच्या डॉक्टरानं सांगितलं की त्यास्नी, परात घ्यायच्या आधीच. एक अर्थ लंगडणं. आन दुसरा, जनावर लांब जाऊ न्हाई म्हून पाय बांधत्यात, त्ये."

"मग कोरलं कशाला?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनले, ऱ्हाऊ दे. शिकून आलेल्या भावानं आजपतूर येवढंच दिलंय मला."

आणि पुन्हा घासू लागली.

दादा, एक थोबाडीत मारायचीस की रे! हे काय करून ठेवलंस? गावच्या प्रत्येक जेवणावळीत माझी टवाळी घासूनपुसून पुढं यावी, अशी सोय! आणि मी समजत होतो, दोघांत जिभेनं तिखट मीच. तो दुसरा अर्थ मी शिकलोच नव्हतो. शिकलो असतो, तरी पाय कुणाचे बांधले गेले आणि लांब कोण गेलं, हे ओळखायची अक्कल तेव्हा होती कुठं?

आज सकाळी परात घेऊन कासाराकडं गेलो. लंगडतच. त्यानं विचारलं, "खोडायचं का?" नाही म्हटलं. तुझ्या नावाखाली एक ओळ घालून घेतली: 'हे नाव देणार धाकटा भाऊ दत्तू.' अक्षरं तुझ्या नावाएवढीच मोठी. मग परात देवळात नेऊन जागेवर ठेवली.

यापुढं जो कोणी अर्थ विचारील, त्याला दोन्ही सांगीन. आणि सांगताना हसणार नाही, दादा.

तुझा,
दत्त्या