डोरल्यातली लक्ष्मी

आई, तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, तरी लिहायला बसलोय, कारण पोटात मावत नाही. काल आमच्या युनिव्हर्सिटीत ग्रीक आणि बायझंटाइन कलेचं प्रदर्शन उघडलं. बायझंटाइन म्हणजे कोण, हे मी तुला एकदा समजावलं होतं. तू म्हणाली होतीस, "म्हंजी रोमच्या बादशहाची धाकली पाती का?" मी इतकी वर्षं पोरांना शिकवलं, पण एवढ्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही. तर मोठ्या दालनात मधोमध एक काचेचं कपाट आहे, त्यात निळ्या मखमलीवर एकच नाणं ठेवलंय, आणि ते बघायला काल जिन्यापर्यंत रांग लागली होती. तुझं नाणं गं! कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती, तरी मी दुखरे गुडघे घेऊन रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढचा एक पोरगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही पुढं जा." मी म्हटलं, "नको, आमच्याकडे हे वळीनंच बघतात." तो बिचारा काही समजला नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं, मी पुण्याला कॉलेजात होतो. आमचे इतिहासाचे सर युनिव्हर्सिटीच्या मदतीनं ग्रीक कलेचं एक फिरतं प्रदर्शन काढणार होते. नाव मोठं, पण माल सगळा नकलांचा. परदेशातल्या पुतळ्यांचे प्लॅस्टरचे ठसे, फोटो आणि नकाशे. त्यात अस्सल म्हणावं असं काही नव्हतं, आणि सरांना त्याचीच खंत होती. पहिला मुक्काम बारामतीला ठरला, म्हणून मी हौसेनं पेट्या भरायला गेलो. पेंढ्यात गुंडाळता गुंडाळता एक प्लॅस्टरची चकती हाताला लागली, कुठल्याशा बायझंटाइन नाण्याची नक्कल. त्यावर समोर तोंड करून उभी असलेली मूर्ती, दोन्ही अंगांना काहीतरी वर उचललेलं, हातात गोल. मी ओरडलोच, "सर, ही तर आमची लक्ष्मी!"

मग मी त्यांना सांगितलं, की माझ्या आईच्या डोरल्यात, काळ्या मण्यांच्या मधे, अशीच एक सोन्याची लक्ष्मी ओवलेली आहे. वडिलांचे, म्हणजे आबांचे, पणजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, तिकडून ती आली आणि तेव्हापासून घरातल्या थोरल्या सुनेच्या गळ्यात असते. दोन बाजूंना दोन हत्ती, हातात कमळ. लक्ष्मीपूजनाला सगळ्यांच्या लक्ष्म्या ताटात बसतात, आमची आई मात्र आरशात बघून स्वतःच्याच गळ्यातल्या लक्ष्मीला हळदकुंकू लावते. सरांनी पेटीवर बसकण मारली. "हत्ती नाहीत रे, पंख आहेत ते," ते म्हणाले, "आणि कमळ नाही, पृथ्वीचा गोल आहे, वर क्रूस. ख्रिस्ती देवदूत आहे तो. सोन्याचं आहे म्हणालास?" त्यांनी चकती माझ्या हातातून ओढूनच घेतली. मलाही आनंदानं नाचावंसं वाटत होतं, पण दुसऱ्याच क्षणी तू आठवलीस. तू रोज पहाटे जिला सुखदुःख सांगायचीस, ती लक्ष्मी नाहीच, हे तुला कोण सांगणार? आणि गावाला कळलं तर ते नाणं तुझ्या गळ्यात राहू देतील का?

बारामतीच्या स्टेशनात पेट्या उतरवताना एकीची फळी निघाली आणि पंखवाल्या ग्रीक देवीचं धड बाहेर डोकावलं. हमाल मला म्हणाला, "दादा, मुंडकं गाडीत इसरलं वाटतं, बगून या." मी म्हटलं मूळचंच नाही. "मग कशापायी आनलं एवढ्या लांबनं?" सर इतके हसले, की त्यांची टोपी रुळावर पडली. दुसऱ्या दिवशी मी अंथुर्ण्याला घरी आलो. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. आजही ती चूल डोळ्यांपुढं येते. तू काटवटीतून हात काढत नाहीस आणि मी उंबऱ्यावर बसून एका दमात सगळं बोलून टाकतो, फक्त देवदूताचं तेवढं गिळतो. सरांना दोन दिवसांपुरतं नाणं हवंय, एवढंच सांगतो.

"डोरलं काडू?" तू म्हणालीस. "तुझा बा जित्ता हाय न्हवं?" आणि पिठाचा हात तसाच माझ्या गालावर बसला. फार जोरात नव्हता, पण कॉलेजात जाणाऱ्या पोराला तेवढा पुरे. मग तू भाकरी उलटलीस, ती टम्म फुगली, आणि तिच्याकडंच बघत तू म्हणालीस, "लक्ष्मी काय माज्या गळ्यातनं हलायची न्हाय. त्येंना बगायची आसंल तर मीच येती की बारामतीला." आबा दारातून सगळं ऐकत होते. वांग्याच्या वाफ्यातून तसेच चिखलाच्या पायांनी आलेले. "बायकू काय जत्रंतला पाळना हाय व्हय, लोकांनी बगाय यायला?" ते कडाडले. तू शांतपणे म्हणालीस, "मग तुमीबी चला. राकाय कुनीतरी पायजेच की सोन्याला." सकाळी आबांनी बैल जुंपलेले होते.

शाळेच्या हॉलमधलं ते दृश्य तुला आठवतंय का गं? हेडमास्तरांनी उघड्या ग्रीक जवानांना आपल्या घरची उपरणी नेसवली होती. एकाचं सुटत होतं, तर तू मला कोपरखळी मारून म्हणालीस, "त्येचं नेसू बग आदी, मग लक्ष्मी दाव." त्या मुंडकं नसलेल्या देवीपुढं मात्र तू बराच वेळ उभी राहिलीस. वाऱ्यानं तिचं लुगडं अंगाला चिकटलं होतं, मुळात दगडातलं लुगडं, आणि तू म्हणालीस, "वारं कसं कोरलं आसंल?" मी त्या प्रश्नावर पुढं पीएच.डी. केली, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. त्या दिवशी मला हॉलभर पळत सुटावंसं वाटत होतं. आपल्या आईला आपल्याला आवडलेलं आवडतंय, यापरतं सुख मला अजून सापडलेलं नाही.

मग तुला खुर्ची दिली. सर हातभर अंतर राखून वाकले, भिंग मुलींच्या शाळेतल्या बाईंनी धरलं. सरांचा श्वास मला ऐकू येत होता. "अस्सल आहे," ते म्हणाले. "अख्ख्या प्रदर्शनात ही एकच वस्तू अस्सल." तू मान ताठ केलीस. आणि ज्याची भीती होती तेच झालं. तू विचारलंस, "मास्तर, मला सांगा, ही लक्ष्मीच न्हवं?"

सर माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं बघत होतो. सर खोटं बोलणारे नव्हते, पण ते हळू बोलले. "नाही, बाई. हा दूत आहे. देवाचा निरोप्या. त्या लोकांची अशी समजूत, की माणसाचं देवाकडं आणि देवाचं माणसाकडं हा पोचवतो." "बाई का बाप्या?" तू विचारलंस. सर म्हणाले, "दोन्ही नाही." बायका खुदकन हसल्या, पण मागून एक फेटेवाला गरजला, "म्हंजी किरिस्तावाचा द्येव! डोरल्यात! अवो, बाटलं की घर! काडा त्ये आन् घाला सोनाराच्या मुशीत!" दोघंचौघं "व्हय, व्हय" करायला लागले. आबांचा चेहरा काळवंडला. तुझा हात डोरल्यावर गेला, आणि मला वाटलं, संपलं. मीच ही चौकशी घरात आणली आणि मीच तुझं दैवत काढून घेतलं.

तू उठलीस. पदर सावरलास. भरल्या सभेत तू कधी बोलली नव्हतीस. म्हणालीस, "निरोप्याच हाय न्हवं ह्यो? मग ऐका. सात जागी नवस बोलून मला लेकरू झालं न्हवतं. मग मी रोज पहाटं ह्येच्यापाशी बोलली. ह्यो हुबा हाय माजा ल्योक." माझ्याकडं बोट. "निरोप कुठल्या द्येवाकडं न्हेला, त्ये मी इचारलं न्हाय. पोचला, एवडं मला ठावं हाय. तुमच्यातला कोन आसा निरोप पोचवतो, त्येनं यावं आन् काडावं."

कोणी आलं नाही. आणि मग आबा, आपले आबा, ज्यांनी आयुष्यात तुला चारचौघांत कधी चांगलं म्हटलं नाही, ते घसा खाकरून त्या फेटेवाल्याला म्हणाले, "पाव्हणं, बाजूला व्हा. मागं लोकं खोळंबल्याती. ए, वळीनं या रं! वळीनं!" संध्याकाळपर्यंत ते काठी आडवी धरून रांग लावत होते. बाहेर पडताना सर तुझ्या पाया पडले, आणि घरी जाताना गाडीत आबा तुला म्हणाले, "लई बोललीस." तू म्हणालीस, "व्हय." मी मागं वैरणीवर उताणा पडून आभाळाकडं बघत हसत होतो.

तू सवाष्ण गेलीस. डोरलं आबांनी स्वतः उतरवलं, नाणं वेगळं केलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "मास्तरच्या पेटीत ठिवा म्हनाली. लोकं बगतील म्हनाली." मी ठेवलं. पेटीचं कपाट झालं, कपाटाचं दालन झालं, आणि त्या दालनाचा म्हातारा राखणदार मी.

आता ज्यासाठी बसलो ते. गेल्या आठवड्यात, प्रदर्शनाच्या तयारीत, नाणी साफ करणारी एक हुशार मुलगी तुझं नाणं भिंगाखाली घेऊन आली. म्हणाली, "सर, पंखांच्या खाचांत काहीतरी पिवळं-तांबडं बसलंय. द्रावणात दोन मिनिटं बुडवलं की चकचकीत निघेल. कशाचा थर असेल हा?" जन्मभर मी विद्यार्थ्यांच्या डोक्यात भरलं, की वस्तूबद्दल अवाक्षर खोटं लिहायचं नाही. मी भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग परत दिलं आणि म्हणालो, "ज्या जमिनीत सापडलं, तिथली माती आहे ती. पुरावा आहे. हात लावू नकोस."

तिनं तसंच लिहून घेतलं, आई. तुझं बोट अजून त्याच्यावर आहे.