धुण्याच्या दगडाची भेट

सेलू,
९ जानेवारी २०२५

चि. रामकिशन यास अ. उ. आ.

इकडे सगळे ठीक, तुम्हीही चुडाव्यात ठीक असाल असं धरून चालते. फोन सोडून पत्र का, तर तुझ्या घरी माझा फोन गेला की आई तो स्पीकरवर टाकायला लावते, आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये. वाचून झालं की चुलीत घाल.

आईला आणण्याआधी एकदा बघून ये म्हणालास, म्हणून काल देवगाव फाट्याजवळच्या त्या संग्रहालयात जाऊन आले. दारात पाय ठेवला तोच मुतारीचा भपकारा. मुतारी मागे आहे, पण तिथवर जाण्याचे कष्ट कोण घेतो? लढाईत पडलेल्या वीरांचे दगड भिंतीशी उभे केलेत, त्यांच्या आडोशालाच उरकतात. काचेच्या कपाटात जुन्या नाण्यांच्या शेजारी एक पाल मरून वाळलेली. मातीच्या रांजणात डोकावले, तर तो गुटख्याच्या पुड्यांनी गळ्यापर्यंत भरलेला.

आणि आपला दगड जिन्याखाली, खराट्याशेजारी. आईनं पन्नास वर्षं ज्याच्यावर धुणं आपटलं, उन्हाळ्यात न्हाणी नव्यानं बांधताना उलटला तर खालच्या अंगाला देवी निघाली, आणि जो तू फेटा बांधून टेंपोतून वाजतगाजत यांना देऊन आलास, तोच. देवीच्या खांद्यावर पहारेकऱ्याचं बनियन वाळत होतं. तोंडावर पिंक. एखादी असती तर पाहुणा कुणी थुंकला म्हटलं असतं. इथे थर बसलेत, ओठापासून हनुवटीपर्यंत. वर भिंतीला पाटी आहे: वस्तूंना हात लावू नये.

मी पदरानं पुसायला गेले, तर तो पहारेकरी सिताराम अंगावर आला, वाचता येत न्हाई का म्हणाला. संग्रहालयाचे साहेब कुठायत विचारलं तर म्हणे, येतेत कधीमधी. खालच्या चिठ्ठीवर लिहिलंय, भग्न स्त्रीमूर्ती, स्थळ अज्ञात. तुझं नाव मोठ्या अक्षरांत लावणार होते ना? चुडावाच अज्ञात, तिथे तुझ्या फेट्याला कोण विचारतो.

आईला आणू नकोस. तिला हे बघवणार नाही.

चिडलेली असले तरी तुझीच,
अक्का


चुडावा,
१७ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्काच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चुलीत घातलं. तू लिहिलंस त्यातलं एक अक्षर खोटं नसणार, पण माझी पंचाईत ऐक.

दगड उलटला त्या दिवसापासून आई एकच वेळ जेवते, हे तुला ठाऊक आहे. देवीच्या पाठीवर आपण लेकरांच्या गूमुताचं धुणं धुतलं, तिच्या पायावर डोकं ठेवून माफी मागितल्याबगर दुसऱ्या वेळचा घास उतरायचा न्हाई, हे एकच पालुपद; आणि तिनं डोकं टेकायच्या आतच मी दगड पोचवून आलो. सात महिने झाले. परवा न्हाणीत चक्कर येऊन पडली. पूर्ण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधानं काही होणार नाही, म्हातारीला दोन वेळ जेवू घाला. तुझी भावजय रेणुका रोज रात्री ताट वाढते आणि रोज ते झाकून ठेवते.

आता माझं पाप सांगतो. आईला धीर यावा म्हणून मी सांगून बसलो की देवी काचेत आहे. मग वर दिवा लावला, मग रोज ताजं फूल. गेल्या महिन्यात तर देवीला पंखा लावलाय इथपर्यंत माझी मजल गेली. आता ती म्हणते, एवढी बडदास्त हाय तर मला न्यायला काय झालं तुला?

ती ऐकायची नाही. शेजारची संघप्रिया परीक्षेसाठी सेलूला येते आहे, तिच्याबरोबर २३ तारखेला गाडीत बसवून देतो. मला तुरीच्या काढणीचं निमित्त आहे. खरं म्हणजे यायला तोंड नाही. तेवढं देवीचं तोंड आधी धुवून घे. त्या सितारामच्या पाया पड हवं तर.

या खोटारड्या भावावर होती तेवढी माया राहू दे.

तुझा,
रामकिशन


सेलू,
२५ जानेवारी २०२५

चि. रामकिशन यास अ. उ. आ.

आई सुखरूप पोचली. तुझ्यासाठी मी आधी एक दिवस बादली, ब्रश आणि साबण घेऊन गेले होते. दाराला कुलूप. साहेबांच्या घरी लग्न, म्हणून संग्रहालयाला सुट्टी! तशीच हात हलवत परत आले.

काल आईला नेलं. नवं लुगडं, पिशवीत नारळ, खण, ओटीचे तांदूळ. दारात तिनं नाकाला पदर लावला, पण थांबली नाही. जिन्याखाली या खेपेला बनियन नव्हतं, ओली पँट होती. आई बघत उभी राहिली. मला वाटलं, आता कोसळते. तिनं एवढंच विचारलं, पंखा कुठाय. रामकिशन, तुझ्या वतीनं मी मान खाली घातली.

मग तिनं पिशवी माझ्याकडे दिली, पँट दोन बोटांनी उचलून सितारामच्या खुर्चीवर टाकली आणि त्याच्याकडे पाणी मागितलं. तो पाटीकडे बोट दाखवू लागला. आईनं त्यालाच ती मोठ्यानं वाचायला लावली. मग म्हणाली, हात लावायचा न्हाई हे कळलं बाबा, थुकायचं हाय हे कुठं लिवलंय तेवढं दाव. त्यानं बादली आणून दिली.

अर्धा तास घासत होती, नखांनी खरवडत होती. लाल पाणी माझ्या पायाशी आलं तसं मला राहवेना. बाहेर जाऊन ओकून आले. सगळं निघालं नाहीच, ओठ लाल राहिले. आईनं ओटी भरली नाही, नारळ फोडला नाही, माफीचा तर शब्द काढला नाही. हात धुवून म्हणाली, माझ्यापशी होती तवा रोज न्हायची तरी.

संध्याकाळी माझ्या घरी तिनं आपणहून ताट मागितलं. दोन भाकरी खाल्ल्या आणि वांग्यात मीठ कमी म्हणून मला बोलली. मी आत जाऊन रडून घेतलं.

आता तुझं काम. दगड परत मागायचा अर्ज सोबत जोडला आहे. द्यायच्या कागदावर सही तुझी होती, मागायच्या कागदावरही तूच कर. मी आईला म्हटलं, आणल्यावर छोटं देऊळ बांधू, खरोखरची काच लावू, तुझा लेक पंखाही लावील. तर नको म्हणाली. न्हाणीत जागा मोकळी ठेवायला सांगितलीय. पयल्यावानी पालथीच ठिवा म्हणते. पाठीवर मी धुणं धुईन, पण तोंडावर कुनाला थुकता यायचं न्हाई.

माया होती तेवढी आहे. टेंपो घेऊन लवकर आलास तर वाढेलही. फेटा बांधून येऊ नकोस.

तुझी,
अक्का