नकाशाचा खालचा भाग

वायोमिंग,
५ जून १९८९

प्रिय नेटा,

अनेक आशीर्वाद. यंदा गवत बेताचंच आहे, वासरं मात्र धडधाकट. तू वाढदिवसाला पाठवलेला आपल्या भागाचा जुना नकाशा पोहोचला, हे मार्चमध्येच कळवायला हवं होतं. सुरेख आहे. एकेक टेकडी, एकेक ओहोळ दाखवलाय. जेवणघरात लावला होता. आता काढून ठेवलाय.

का, ते सांगतो. त्यात आपल्या नि शेजारच्या ऑरिनकाकांच्या रानाची सरकारी हद्द आहे. बघतो तर वरचा झरा आपल्या बाजूला, आणि कुंपण मात्र झऱ्याच्या अलीकडे. म्हणजे इतकी वर्षं त्यांच्या गाई आपलं पाणी पीत होत्या! नकाशा घेऊन तडक त्यांच्या दारात गेलो, नाही नाही ते बोललो. काकांनी एवढंच विचारलं, "पूर्ण बघितलास का नकाशा?" मी म्हटलं, बघितला. त्यांनी वाद घातला नाही. सत्तरी उलटलेला माणूस आठवडाभर एकटा खांब उपटून पलीकडे रोवत होता. मी टेकडीवरून बघायचो. हात लावायला गेलो नाही.

परवा वासरांना मालकीच्या खुणेचा डाग द्यायचा दिवस होता. काका यायचे नाहीत असं धरून चाललो होतो, तर दोर घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. दिवसभर त्यांनी माझी वासरं धरली. आणि मी? जेवताना शेजाऱ्यांसमोर नकाशा पसरून शेखी मिरवत बसलो. काकांनी चष्मा लावला, हद्दीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि खाली खाली नेलं. ते आपल्या विहिरीवरच्या पवनचक्कीपाशी थांबलं. नेटा, ती रेघेच्या पलीकडे आहे. विहीर, गोठा, सगळं त्यांच्या जमिनीत.

"तुझ्या बापाला ठाऊक होतं, माझ्याही," काका म्हणाले. "झरा आम्हाला, विहीर तुम्हाला, असं ठरवून कुंपण घातलं दोघांनी. वरचं तू हलवायला लावलंस, हलवलं. खालचं मी हलवणार नाही, घाबरू नकोस. बीन्स वाढ थोडे."

वाढले. सगळे ताटात बघून जेवत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

उद्या जाऊन झऱ्याचं कुंपण होतं तिथे परत लावणार आहे, ते नको म्हणाले तरी. खांब गाडीत चढवलेत. माफी कोणत्या तोंडाने मागू, ते मात्र सुचत नाही. बाबा असते तर त्यांनी मला दारातही उभं केलं नसतं.

ऑरिनकाकांच्या विहिरीचं पाणी पिणारा,
तुझा दादा
व्हर्लिन